पान न उलटता बदलणारा मजकूर

कुठल्याही ऑनलाइन अर्जात जिल्हा म्हणून ‘कोल्हापूर’ निवडा. तोवर रिकामा असलेला तालुक्याचा रकाना लगेच भरतो. करवीर, पन्हाळा, कागल, शिरोळपासून थेट गगनबावड्यापर्यंत १२ नावं समोर येतात. आधी भरलेलं नाव, पत्ता, पिनकोड जागच्या जागी राहतात, कारण पान पुन्हा लोड झालेलंच नसतं. ही किमया वर्षानुवर्षं ज्या पुर्ज्याने केली, त्याचं नाव एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्ट. डेव्हलपरांच्या तोंडी ‘एक्सएचआर’.

त्याच्या आधी वेबपानावरचा मजकूर बदलण्याचे दोन मार्ग होते आणि दोन्ही अपुरे पडत. पहिला सर्व्हरचा. १९९३ मध्ये सीजीआय आलं आणि मागणी येताच सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवून पान तयार करता येऊ लागलं. १९९५ मध्ये रास्मुस लेरडॉर्फ यांनी पीएचपी सर्वांसाठी खुली केली आणि हे काम पुष्कळ सोपं झालं. पण एक ओळ बदलायची तरी अख्खं पान नव्याने मागवावं लागे. दुसरा मार्ग ब्राउझरचा. त्याच १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचं पहिलं रूप उभं केलं. रिकामा रकाना तिला जागीच पकडता येई, पण सर्व्हरकडून नवी माहिती मागवण्याची सरळ सोय तिच्याजवळ नव्हती.

ही उणीव भरून निघाली ती मायक्रोसॉफ्टच्या ईमेल विभागात. ब्राउझरमध्ये आउटलुक चालवायचं, तर दर क्लिकला पान लोड करून भागणार नव्हतं. अ‍ॅलेक्स हॉपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी हा पुर्जा घडवला आणि मार्च १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर तो बाहेर पडला. पुढे मोझिला आणि सफारीनेही तो स्वीकारला. २००४ च्या १ एप्रिलला जीमेल आलं, फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स. नकाशा माउसने सरकवावा आणि पुढचा भाग आपोआप यावा, हे लोकांनी अनुभवलं. त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ असं नाव दिलं.

आता कोल्हापूरच्या त्या रकान्यामागे काय घडतं ते पाहू. जिल्हा बदलताच ब्राउझरमधली स्क्रिप्ट त्याचा कोड घेऊन सर्व्हरकडे विनंती धाडते. उत्तर येईपर्यंत ती अडून बसत नाही. तुम्ही पुढचा रकाना भरत राहू शकता. सर्व्हरवरची स्क्रिप्ट कोड तपासते, डेटाबेसमधून तालुके काढते आणि बहुधा जेसन स्वरूपात परत पाठवते. विनंतीची अवस्था ० पासून ४ पर्यंत सरकते. ४ म्हणजे व्यवहार पूर्ण. सोबत २०० हा कोड आला, तर यादी रकान्यात भरायची.

या कामाच्या वाटणीत एक नियम कधीही मोडता कामा नये. ब्राउझरने सोय पाहावी, निर्णय सर्व्हरनेच घ्यावा. ब्राउझरमधली स्क्रिप्ट कुणीही उघडून बदलू शकतो. म्हणून अर्ज पाठवल्यावर हा तालुका खरोखर त्याच जिल्ह्याचा आहे का, हे सर्व्हरने पुन्हा तपासायलाच हवं. खरेदीच्या पानावर वस्तूंची संख्या वाढवताच एकूण रक्कम बदलते, ती ग्राहकाच्या सोयीसाठी. बिलाचा आकडा सर्व्हरनेच काढायचा.

दुसरी जबाबदारी अपयशाची. अख्खं पान लोड होताना नेट गेलं, तर ब्राउझर निदान एरर दाखवतो. एक्सएचआर अडला, तर प्रोग्रॅमरने सोय केल्याशिवाय वापरणाऱ्याला काहीच कळत नाही. रकाना रिकामाच राहतो. आणि स्क्रीन रीडरवर विसंबणाऱ्या अंध व्यक्तीला पानावर काही बदललं हेही समजत नाही, जोवर ‘एरिया-लाइव्ह’ची खूण करून तो बदल वाचून दाखवण्याची व्यवस्था केलेली नसते.

आज नव्या कोडमध्ये एक्सएचआरऐवजी ‘फेच’ वापरतात, तर चॅटसारख्या अखंड देवाणघेवाणीसाठी वेबसॉकेट. अवजारं बदलली, तरी जबाबदाऱ्या त्याच आहेत. लोकांच्या दाखल्यांचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज ज्यांच्या हातून घडतात, त्यांनी ते खुले करण्याआधी एकदा नेट बंद करून आणि एकदा डोळे मिटून, स्क्रीन रीडर लावून भरून पाहावेत. तिथे जो अर्ज अडतो, तो अजून तयार झालेला नाही.