ब्ल्यूजचे सहा स्वर आणि आपली पेटी

संगीताचे शास्त्र ही आपलीच मिरासदारी आहे, असा समज काही मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या जपला. शास्त्र त्यांचे आणि 'लोकगीत' तेवढे आपले, अशी वाटणी करून ते मोकळे झाले. गायन पार्टीतल्या आपल्या तरुणांनी ही वाटणी मुकाट मान्य करावी काय? अमेरिकेतल्या काळ्या बांधवांनी ती मानली नाही. त्यांच्या ब्ल्यूजचे शास्त्र आज जगभरच्या संगीत विद्यालयांत शिकवले जाते.

१८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. पण कापसाच्या शेतातले राबणे, सावकारी आणि झुंडींच्या हत्या संपल्या नाहीत. दक्षिणेच्या त्या मातीत ब्ल्यूज जन्मला. १९१२ साली डब्ल्यू. सी. हँडी यांचे 'मेम्फिस ब्ल्यूज' छापले गेले. पुढच्याच वर्षी बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य दाखवले. तेव्हा हे नाते आजचे नाही.

आता शास्त्र पाहू. ब्ल्यूजच्या मायनर स्केलमध्ये सहा स्वर असतात: सा, कोमल गंधार, मध्यम, तीव्र मध्यम, पंचम आणि कोमल निषाद. तीव्र मध्यम वगळला की उरलेल्या पाच स्वरांत आपल्याकडे धानी राग गातात. पेटीवर काळी दोनला सा धरा. पुढे काळी तीन, काळी चार, काळी पाच आणि वरच्या सप्तकातली काळी एक. पाच स्वर झाले, पाचही काळ्या पट्ट्या! काळी चार आणि काळी पाच यांच्यामधली पांढरी सहा हा सहावा स्वर. त्यावर फार थांबायचे नाही. मध्यमावरून पंचमाकडे जाताना त्याला ओझरता स्पर्श करायचा.

ब्ल्यूजची खरी धार मात्र संगतीत आहे. गिटारवर बहुधा शुद्ध गंधाराचा मेजर कॉर्ड वाजतो आणि गायक त्यावर कोमल गंधार लावतो. पुष्कळदा त्याचा गळा दोन गंधारांच्या मधोमध थांबतो. तो स्वर पेटीवर सापडत नाही, गळ्यात सापडतो. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या गायकीचा हा वारसा आहे, असे अनेक अभ्यासक मानतात.

आमच्याकडे हरसूलपासून पेठ-सुरगाण्यापर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात वाळल्या भोपळ्याची पावरी फुंकतात. तिचे स्वरही पेटीच्या पट्ट्यांत नेमके बसत नाहीत. म्हणून कोणी तिला बेसूर म्हणणार असेल, तर त्याची मोजपट्टीच अपुरी आहे. खुद्द पेटीचे काय झाले? तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती दिसत नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिला बंदी घातली होती. त्याच पेटीवर खेडोपाडी भीमगीते घुमत होती!

शास्त्राइतकाच हक्काचा प्रश्न मोठा आहे. हँडी यांनी 'मेम्फिस ब्ल्यूज'चे हक्क थोडक्या डॉलरना विकून टाकले. कमाई दुसऱ्याची झाली. ते त्यातून शिकले आणि १९१४ साली 'सेंट लुइस ब्ल्यूज' आपल्याच कंपनीतर्फे प्रकाशित केले. आपल्या शाहिरांचे काय? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे महाकवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) गीतात 'वामन' अशी नाममुद्रा गुंफत. तरीही आज मोबाइलवर गीत वाजते, गायकाचे नाव झळकते आणि कवीचे नाव कित्येकदा गायब असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या रचनेला संरक्षण आहे. म्हणजे वामनदादांच्या गीतांना २०६४ अखेरपर्यंत. कलम ५७ तर सांगते, की हक्क विकले तरी कर्तेपणाचा दावा कवीकडेच राहतो.

स्केल कोणाच्या मालकीचे नसते; ते ज्याने त्याने उचलावे. गीताला मात्र धनी असतो. म्हणून तरुण गायकांनी ब्ल्यूजचे सहा स्वर जरूर घोटावेत, भीमगीतात वापरून पाहावेत. नवे गीत रचले की वहीत तारखेनिशी उतरवावे, खाली कवी आणि संगीतकाराचे नाव लिहावे. करारावर सही करण्याआधी तो वाचून घ्यावा. जयंतीच्या मंचावर दुसऱ्याचे गीत गाताना आधी त्याच्या कवीचे नाव घ्यावे. याला पैसा लागत नाही.

जय भीम!