लंघन न सोसणारा जीव

पोटाची तक्रार म्हटली की आपल्या घरांतून पहिला उपाय निघतो तो लंघनाचा. माझ्या आजीचा त्यावर एवढा भरवसा होता की, ताप असो वा अपचन, पुढचे ताट उचलले जाई आणि दुसऱ्या दिवशी पेज मिळे. आम्ही भावंडे त्या उपचाराने बरी होत आलो, म्हणून त्याविषयी शंका घेण्याचे कारण मला पन्नाशी उलटेपर्यंत पडले नव्हते. गेल्या वैशाखात मात्र याच शहाणपणापायी आमच्या घरातला एक मुका जीव गेला आणि दुसरा थोडक्यात वाचला.

हे दोन जीव म्हणजे बकुळा आणि ठकी या नावांच्या दोन गिनीपिग. परगावी बदली झालेल्या एका स्नेह्यांकडून आमच्या धाकट्या कन्येने त्या मागून आणल्या आणि दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माजघरात त्यांची स्थापना झाली. नावात डुक्कर असले तरी डुकराशी या प्राण्याचा काही संबंध नाही. तो उंदीर-खारीच्या गोतातला, दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताकडचा. तेथील लोक हजारो वर्षे तो घरात पाळत आले, तेही खाण्यासाठी. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात गेला. आपल्या भाषेत त्याचे नाव येते ते ज्याच्यावर कोणीही प्रयोग करावा अशा बापड्यासाठी.

उन्हाळ्याच्या सुटीत कन्या मामाकडे इंदूरला गेली आणि हे खाते माझ्याकडे आले. बडोद्याचा उन्हाळा वाचकांस ठाऊक आहेच. पारा बेचाळिसावर, पालेभाजी दुपारपर्यंत मलूल, शिवाय महाग. दुकानात सशांचे गोळीखाद्य मिळाले. त्यात गव्हाचा कोंडा मिसळून मी तीन आठवडे भागवले. एके सकाळी बकुळा कोपऱ्यात अंग फुगवून बसलेली दिसली. वाटीला तोंड लावीना. "उन्हाने भूक मेली असेल, पोटाला एक दिवस विश्रांती मिळू दे," असा निर्णय मी दिला. "अहो, पण खाली लेंडीसुद्धा एक नाही," असे सौभाग्यवतींनी दोनदा बजावले. मी लक्ष दिले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे बकुळा गेलेली होती, आणि ठकीची वाटी भरलेली तशीच होती.

रिक्षा करून ठकीला पशुवैद्यांकडे नेले. डॉक्टरीणबाईंनी तिचे गुडघे हलकेच दाबले, तशी ती कळवळली. मग तोंडात पाहिले, वजन केले (७४० ग्रॅम भरले) आणि मला विचारले, "शेवटचं कधी खाल्लं?" मी बकुळेच्या लंघनाची हकीकत सांगितली. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

त्यांनी समजावले ते असे. गिनीपिगचे पोट दिवसरात्र चालते ठेवावे लागते. पोटातल्या सूक्ष्म जीवांच्या आधारावर तो गवत पचवतो. वरून अन्न येणे थांबले की आतडी मंदावतात, वायू धरतो, दुखू लागते आणि दुखू लागले की तो आणखीच खात नाही. अंगातली चरबी मोडून यकृतावर भार पडतो. दात, अगदी दाढासुद्धा, जन्मभर वाढत राहतात. चावणे थांबले की तेही बिघडतात. शिवाय हा भक्ष्य होणारा प्राणी, आजार शेवटपर्यंत लपवतो. म्हणजे आपल्याला दिसेतो बराच उशीर झालेला असतो. अर्धा दिवस खाल्ले नाही की धावावे. एक अहोरात्र गेले तर जिवावर बेतते.

आणि मूळ कारण? माझे गोळीखाद्य. सशाला 'क' जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करता येते. गिनीपिगला, आपल्याप्रमाणेच, येत नाही. ताजा पाला थांबला की काही आठवड्यांत सांधे दुखतात, हिरड्या सुजतात, खाणे सुटते. हाच तो स्कर्व्ही, दर्यावर्दी खलाशांचा काळ. १९०७ साली ख्रिस्तियानिया म्हणजे आजच्या ऑस्लोमध्ये होल्स्ट आणि फ्रोलिख हे दोघे संशोधक बेरीबेरीचा शोध घेत होते. त्यांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवले, तर बेरीबेरीऐवजी स्कर्व्ही झाला. उंदीर घेतले असते तर काहीच दिसले नसते. त्या प्रयोगाची पुनरावृत्ती मी माझ्या माजघरात, शंभरहून अधिक वर्षांनी, नकळत केली होती.

वेदनाशामक औषध आणि 'क' जीवनसत्त्वाचे थेंब मिळाले. पण खरा उपचार घरीच होता, भरवण्याचा. गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून खिरीसारखे करायचे, सुई काढलेल्या पिचकारीत भरायचे. ठकीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर बसवायचे, उताणे मुळीच करायचे नाही. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. तेथून, बाजूने, अर्धा मिली एवढेच आत सोडायचे आणि ती चावून गिळेपर्यंत थांबायचे. घाई केली तर अन्न श्वासनलिकेत जाते. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पहिल्या रात्री निम्मे माझ्या सदऱ्यावर सांडले. दोनच्या पाळीला सौभाग्यवती उठत, चारच्या पाळीला मी. शाळेच्या जुन्या वहीत तक्ता आखला: वेळ, किती मिली, लेंड्या किती, सकाळचे वजन. तीस वर्षे मुलांची हजेरी घेतली, पण लेंड्या मोजताना जेवढी धाकधूक झाली तेवढी कधी झाली नव्हती.

मध्येच एका हितचिंतक शेजाऱ्यांनी मुलाच्या घशासाठी आणलेले, उरलेले औषध देऊ केले. सुदैवाने बाईंना आधी फोन केला. ते पेनिसिलिनच्या जातीचे होते. अशी औषधे तोंडावाटे दिली की गिनीपिगच्या पोटातले उपकारक जंतू मरतात आणि त्यामागोमाग तोही.

चौथ्या दिवशी वजन ७०५ वर उतरले. त्या संध्याकाळी मी कन्येला फोन करून बकुळेचे सांगितले. तोवर धीर झाला नव्हता. पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तिने विचारले, "बाबा, ठकीला कोथिंबीर दिलीत?"

खंडेराव मार्केटातून जुडी आणली. पाचव्या दिवशी पहाटे पिचकारी भरत असता मागे बारीक कुरकुर ऐकू आली. ठकीने एक काडी ओढली होती आणि देठाकडून खाणे चालले होते.

आता तिच्यापुढे सदैव वाळके गवत असते, रोज कोथिंबीर आणि भोपळी मिरचीची एक फोड. गुरांसाठी रजका विकतात, म्हणजे आपला लसूणघास, तो क्वचितच देतो. त्यातल्या चुन्याने थोराड गिनीपिगला मूतखडा होतो. थंडीत येथे जामफळांच्या गाड्या लागल्या तेव्हा एक पातळ फोड दिली. आपल्या भाषेत त्या फळाला पेरू म्हणतात आणि ठकीचे मूळ गोत पेरू देशाकडचे, हे मी कन्येला मोठ्या हौसेने सांगितले. ती वजनाची वही लिहीत होती. ८६० ग्रॅम.