स्पॉकचा मेंदू चोरीला गेला, त्याची गोष्ट

रविवारची सकाळ. अंघोळी उरकून मुलं टीव्हीसमोर फतकल मारून बसलेली. स्वयंपाकघरातून आईच्या हाका येताहेत, पण उठतो कोण? ऐंशीच्या दशकातलं हे दृश्य दिल्लीत रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये दिसायचं, तसंच करोलबागेतल्या मराठी बिऱ्हाडांतही. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आलं होतं, वाहिन्यांची चैन मात्र नव्हती. मंडी हाऊसमधून दूरदर्शनने दिलं, ते घराघरांनी पाहिलं. त्यातच होती अमेरिकेची ‘स्टार ट्रेक’.

इंग्रजी संवाद निम्मेअधिक डोक्यावरून जायचे. पण ‘एंटरप्राइज’ हे अवकाशयान, धाडसी कॅप्टन कर्क आणि टोकदार कानांचा, भुवई उंचावणारा मिस्टर स्पॉक समजायला भाषा कशाला हवी? राग-लोभ बाजूला ठेवून केवळ तर्काने चालणारा स्पॉक म्हणजे मालिकेचा मेंदूच! आणि एका भागात नेमका तोच चोरीला जातो.

हा भाग अमेरिकेत २० सप्टेंबर १९६८ रोजी दाखवला गेला. कारा नावाची एक परकी स्त्री यानात अवतरते, सगळ्यांना बेशुद्ध करते आणि स्पॉकच्या डोक्यातला मेंदू काढून नेते. डॉक्टर मॅकॉय सांगतात, शरीर फार तर २४ तास तग धरेल. मग बिनमेंदूचा स्पॉक रिमोटच्या बटणावर चालवत सारे शोधाला निघतात! एका बर्फाळ ग्रहाच्या पोटात स्त्रियांचं राज्य आहे. तिथली हवा, ऊब, सारी यंत्रणा चालवायला त्यांना हा मेंदू हवा आहे. शेवटी मॅकॉय डोक्यावर एक यंत्र चढवून शस्त्रक्रियेचं ज्ञान मिळवतात, पण मध्येच ते विसरू लागतात. मग शस्त्रक्रिया चालू असताना स्पॉक स्वतःच त्यांना पुढचं सांगतो!

मालिकेच्या सर्वांत फसलेल्या भागांत आजही याचं नाव आधी निघतं. स्पॉक साकारणाऱ्या लिओनार्ड निमॉय यांनीही चित्रीकरणात आपल्याला संकोच वाटत होता, असं पुढे आत्मकथनात लिहिलं.

पत्रांचा पाऊस आणि पदरी निराशा

चाहत्यांना हा भाग अधिकच झोंबला. प्रेक्षकसंख्या कमी म्हणून मालिका बंद होण्याच्या बेतात होती. तेव्हा चाहत्यांनी एनबीसी या वाहिनीकडे लाखाहून अधिक पत्रं धाडली. विद्यार्थ्यांनी मोर्चाही काढला. अखेर मार्च १९६८ मध्ये वाहिनीने मालिका चालू राहील, असं जाहीर केलं. एवढ्या धडपडीनंतर तिसऱ्या पर्वाचा पहिलाच भाग निघाला तो हा!

असं का झालं? मालिकेला वेळ मिळाली शुक्रवारी रात्री दहाची. तरुण मंडळी तेव्हा घराबाहेर! नाराज झालेले निर्माते जीन रॉडनबेरी रोजच्या कामातून बाजूला झाले. सूत्रं फ्रेड फ्रीबर्गर यांच्याकडे आली आणि खर्चालाही कात्री लागली. ३ जून १९६९ रोजी ७९ व्या भागानंतर मालिका संपली.

हुकलेली संधी

खरं तर कल्पना टाकाऊ नव्हती. डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनीही तसा प्रयत्न केला, पण रुग्ण काही तासांतच दगावला. हृदय बदलता येत असेल, तर माणूस नेमका कशात असतो, हा प्रश्न जगभर ताजा होता. मालिकेने तो हाती घेतला आणि हसण्यावारी घालवला.

दिल्लीत त्याचं उत्तर खऱ्याखुऱ्या शस्त्रक्रियागृहात मिळालं. ३ ऑगस्ट १९९४ रोजी ‘एम्स’मध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी भारतातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. त्याच वर्षीच्या कायद्याने मेंदूमृत्यू हा मृत्यूच मानला. हृदय दुसऱ्याचं चालतं, मूत्रपिंड चालतं, मेंदू मात्र नाही. रक्तपुरवठा थांबला, तर तो काही मिनिटांतच निकामी होऊ लागतो. मज्जारज्जूचे तुटलेले धागे पूर्ववत जोडणं आजही वैद्यकाला साधलेलं नाही.

त्याच लेखणीतून

गंमत म्हणजे या भागाचे लेखक ‘ली क्रोनिन’ म्हणजे जीन कून. टोपणनावाने लिहिणाऱ्या याच कून यांनी १९६७ मध्ये, पिल्लांसाठी जिवावर उदार झालेल्या एका पाषाणदेही आईची सुंदर कथा मालिकेला दिली होती. तिथे राक्षस समजल्या गेलेल्या जिवाचं दुःख स्पॉकलाच उमगतं.

एक भाग फसला म्हणून मालिका काही बुडाली नाही. पुनःप्रक्षेपणातून ती देशोदेशी पोहोचली. १९७६ मध्ये चाहत्यांच्या पत्रांमुळेच ‘नासा’च्या पहिल्या स्पेस शटलला ‘एंटरप्राइज’ हे नाव मिळालं. चांगला स्वयंपाक करणाऱ्या हातूनही एखादे दिवशी आमटी खारट होतेच. म्हणून त्या घरी जेवायला जाणं कुणी सोडतं का?