वास पीचचा, गोडी कुठे?

फळ घातलेली बीअर म्हटलं की ती गोडच असणार, असं बहुतेकजण धरून चालतात. त्यामुळे वाइनच्या जुन्या पिंपात मुरलेली, पीच घातलेली, दहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली सेझाँ ही बेल्जियन धाटणीची बीअर पहिल्यांदा तोंडाला लावणारा हमखास गोंधळतो. नाकाला पिकलेलं पीच स्पष्ट कळतं, जिभेला गोडी मात्र सापडत नाही. तिथे आंबट, कोरडं, किंचित तुरट असं काहीतरी असतं आणि घोट गिळल्यावर छातीत ऊब जाणवते. ही बीअर नीट चाखायची तर तिच्यातली साखर गेली कुठे, हे आधी समजून घ्यावं लागतं. यीस्टने साखर संपवून बीअर जवळजवळ रिकामी केलेली असते. ती जागा पिंप, फळ, आम्ल आणि अल्कोहोल मिळून भरतात. चाखताना बघायचं ते एवढंच, की ती नीट भरली आहे का.

शेतावरची बीअर

सेझाँ ही बेल्जियमच्या फ्रेंचभाषक वालोनियाची बीअर. तिचं माहेर म्हणजे फ्रान्सच्या सीमेला लागून असलेला एनो प्रांत. उन्हाळ्यात केलेली बीअर उकाड्याने बिघडायची, म्हणून शेतकरी ती थंडीत करून ठेवत आणि सुगीच्या दिवसांत मजुरांना देत. दिवसभर राबणाऱ्या माणसांना द्यायची म्हणून ती हलकी असे. शिवाय ती महिनोन्महिने टिकवायची, म्हणून एकतर हॉप्सच्या फुलांमुळे कडू असे, नाहीतर लाकडात मुरून आंबट होई. बेल्जियन ब्रूअर इव्हान द बाट्स यांनी फिल मार्कोव्स्की यांच्या ‘फार्महाउस एल्स’ (२००४) या पुस्तकातल्या लेखात या जुन्या सेझाँचा मागोवा घेतला आहे. तो वाचल्यावर कळतं की लाकूड आणि आंबटपणा ही आजची टूम नव्हे. नवी आहे ती ताकद.

आज सेझाँचा मापदंड मानली जाते ती तूर्प गावच्या ब्रासरी द्यूपाँची ६.५ टक्क्यांची बीअर. अमेरिकेतल्या बीजेसीपी या परीक्षक-संस्थेने सेझाँच्या तीन पायऱ्या केल्या आहेत: हलकी ३.५ ते ५ टक्के, नेहमीची ५ ते ७ आणि ‘सुपर’ ७ ते ९.५. फळं घालून पिंपात मुरवलेल्या काही बाटल्या या वरच्या पायरीवर किंवा तिच्याही थोड्या पुढे असतात. ओरेगनमध्ये सुरू झालेल्या लॉग्सडन या ब्रुअरीची ‘पेश ’न ब्रेट’ ही पीच घालून ओकच्या पिंपात मुरवलेली सेझाँ १० टक्क्यांची. आपल्याकडच्या नियमांत ‘स्ट्राँग बीअर’ची कमाल मर्यादा ८ टक्के आहे, त्यामुळे अशी बाटली मराठी वाचकाच्या हाती पडायची शक्यता परदेशातच जास्त.

एवढी ताकद असूनही ही बीअर जड लागत नाही, याचं कारण तिचं यीस्ट. एल प्रकारच्या इतर बीअर साधारण २० अंश सेल्सियसच्या आसपास आंबवतात. द्यूपाँच्या पद्धतीचं यीस्ट ३० अंशांच्या वरही खुशाल काम करतं. बहुतेक यीस्टना धान्यातल्या साखरेच्या लांब साखळ्या, म्हणजे डेक्स्ट्रिन, पचत नाहीत. त्या तशाच राहतात आणि बीअरला अंग देतात. सेझाँच्या बऱ्याच यीस्टमध्ये एसटीए-१ नावाचं जनुक असतं. त्याच्या जोरावर यीस्ट एक विकर बाहेर सोडतं, ते या साखळ्या तोडतं आणि सुटलेली साखरही यीस्ट फस्त करतं. पाण्याची सापेक्ष घनता १.०००, तयार सेझाँची १.००२ ते १.००८ इतकी खाली येते. साखर संपवता संपवता यीस्ट मिरी-लवंगेचा आणि संत्र्याच्या सालीचा वास मात्र मागे ठेवून जातं.

पिंपाचं काम

वाइनचं नेहमीचं पिंप बोर्दोत २२५ लिटरचं, बर्गंडीत २२८ लिटरचं. नव्या ओकमधून व्हॅनिला, नारळ आणि भाजलेल्या लाकडाचा वास भरपूर उतरतो. वाइनच्या काही फेऱ्या झालेल्या पिंपात तो बराच ओसरलेला असतो आणि सेझाँला तेच हवं असतं. अशा पिंपाकडून तिला तीन गोष्टी मिळतात. एक, लाकडात मुरलेली वाइन, जी हळूहळू बीअरमध्ये उतरते. शार्डोनेच्या पिंपातून सफरचंद आणि लोण्याची छटा येते, लाल वाइनच्या पिंपातून बेरीचा वास आणि हलकासा गुलाबी रंग. दोन, टॅनिन, म्हणजे तुरटपणा. तीन, फळ्यांतून आणि सांध्यांतून झिरपणारा थोडासा प्राणवायू.

हा प्राणवायू थोडा असला तर उपकारक, जास्त झाला तर घातक. पिंपातून बीअर सतत थोडी थोडी उडून जाते. वर मोकळी जागा वाढली की ॲसेटोबॅक्टर जिवाणूंना रान मोकळं मिळतं आणि बीअरचं व्हिनेगर व्हायला लागतं. म्हणून पिंप वरचेवर भरत राहतात आणि उगाच उघडत नाहीत. मग चव बघायची कशी? कॅलिफोर्नियातल्या रशियन रिव्हर ब्रुअरीचे व्हिनी सिलर्झो यांनी रूढ केलेली युक्ती आता सगळीकडे वापरतात. पिंपाच्या तोंडावरच्या गोल फळीत बारीक भोक पाडून त्यात स्टेनलेस स्टीलचा खिळा ठोकायचा. खिळा उपटला की बीअरची बारीक धार थेट पेल्यात येते. पुरेशी मिळाली की खिळा परत बसवायचा. वरचं बूच काढावंच लागत नाही. याच ब्रुअरीची ‘कॉन्सिक्रेशन’ ही कॅबर्ने सोव्हिन्यॉच्या पिंपात करंट नावाचं फळ घालून मुरवलेली १० टक्क्यांची बीअर आहे. ती सेझाँ नाही, पण लाल वाइनचं पिंप, फळ आणि ताकद एकत्र आल्यावर काय होतं, ते समजून घ्यायला चांगली.

पिंपात मुक्काम करणाऱ्या सूक्ष्मजीवांत मुख्य ब्रेटॅनोमायसीस हे यीस्ट. त्याला हे नाव १९०४ साली कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतल्या क्लाउसेन यांनी दिलं. ते सावकाश काम करतं आणि ओलं गवत, चामडं, गोठा, कधी अननस असे वास निर्माण करतं. लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. दह्याला आंबट करणारं आम्ल तेच. पेडिओकॉकस मधल्या काळात बीअरला तार आणतो आणि लोण्यासारखा वास देतो, ते दोन्ही ब्रेटॅनोमायसीस पुढच्या काही महिन्यांत साफ करतं. मुरायला इतका वेळ लागतो तो या उस्तवारीसाठीही. शेवटी ब्रूअर प्रत्येक पिंप वेगळं चाखतो आणि कशात काय मिसळायचं ते ठरवतो. एखादं पिंप ओतूनही द्यावं लागतं.

फळ कधी, किती

फळ सहसा उशिरा घालतात, बीअर बरीचशी मुरल्यावर. मुख्य किण्वनाच्या जोरात घातलं तर सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडबरोबर त्याचा वास उडून जातो. लिटरला १०० ते ३०० ग्रॅम फळ ही नेहमीची माफक ते सढळ मापं. पिंपाचं भोक जेमतेम पाच सेंटीमीटरचं, त्यामुळे पीच चिरून भरावे लागतात. नाहीतर बीअरच टाकीत काढून त्यात फळ घालतात.

फळाने बीअर गोड होत नाही, तशी ती कडकही होतेच असं नाही. पीचमध्ये साखर साधारण ८ ते १० टक्के. ती सगळी आंबली तरी त्या रसातून पाचेक टक्केच अल्कोहोल निघेल. तो १० टक्क्यांच्या बीअरमध्ये मिसळला की बीअर उलट थोडी पातळ होते, म्हणून मूळ बीअर त्या हिशेबाने जास्त ताकदीची करावी लागते. वाइनच्या द्राक्षांचं गणित वेगळं. त्यांत साखर २० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे ती घातल्यावर ताकद वाढू शकते. साखर गेल्यावर फळाचं उरतं काय? आम्ल, सालीचा तुरटपणा, रंग आणि वास. चेरीच्या बीतून बदामाचा वासही येतो. वास आपल्या मनात गोडीशी जोडलेला असतो, म्हणून पहिल्या घोटाला नाक आणि जीभ यांचं पटत नाही.

पेल्यात

बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा, म्हणजे गाळ खाली बसेल. सेझाँत वायूचं प्रमाण नेहमीच्या बीअरपेक्षा जास्त, म्हणून बाटली जाड काचेची आणि बूच तारेने बांधलेलं. तार सोडताना अंगठा बुचावर राहू द्या आणि बूच धरून बाटली फिरवा. फेस उसळून वर येऊ शकतो, म्हणून पेला हाताशी असावा. पेला आत वळलेल्या तोंडाचा हवा, ट्यूलिपचा किंवा वाइनचा. बीअर ८ अंशांना ओता आणि १२–१३ अंशांपर्यंत सावकाश चढू द्या. फ्रिजमधून काढून लगेच प्यायलात तर फक्त आंबट आणि वायू लागेल.

तिरक्या पेल्यात सावकाश ओता. शेवटचा बोटभर भाग बाटलीतच ठेवा, तो नंतर वेगळा चाखता येतो. फेस आधी दाट आणि पांढरा येतो, पण आम्ल आणि जास्त अल्कोहोलमुळे लवकर बसतो. तो बसला म्हणून बीअर बिघडली असं समजू नये. रंग बघा: पीचमुळे फिका सोनेरी आणि थोडा धुरकट, लाल वाइनच्या पिंपातून आली असेल तर तांबूस.

आता वास, आणि तो दोनदा घ्यायचा. पहिल्यांदा पेला न हलवता. वर तरंगतं ते फळ. त्यातही ताजं पीच आहे की शिजवलेलं, की नुसती साल, ते बघा. मग पेला एकदा फिरवून पुन्हा हुंगा. आता खालचे वास वर येतात: मिरी, ओलं गवत, चामडं आणि त्यामागे ओकचा पुसट व्हॅनिला. व्हॅनिलाच सगळ्यात पुढे असेल तर पिंप नवं होतं किंवा मुक्काम लांबला.

पहिला घोट फक्त तोंडाला सवय करून देण्यासाठी. त्यावर मत बनवू नका. दुसऱ्या घोटाला जीभ थोडा वेळ शांत ठेवा. आंबटपणा आधी येतो, तो कुठल्या जातीचा ते ओळखा. लॅक्टिक आम्ल मऊ असतं आणि जिभेच्या दोन्ही कडांना पसरतं. ॲसेटिक नाकात चढतं आणि घशाला लागतं. त्याचा अंश चालतो, त्याचं राज्य चालत नाही. मग बुडबुडे चव उचलून टाळूपर्यंत नेतात आणि घोट संपताना हिरड्यांवर तुरटपणा येतो. तो लाकडाचा असेल तर कोरडा आणि सरळ, फळाच्या सालीचा असेल तर किंचित कडसर.

सगळ्यात शेवटी अल्कोहोल. त्याला स्वतःची हलकी गोडी आणि जाडी असते. साखर नसलेली ही बीअर तोंडात पाणचट वाटत नाही ती बऱ्याच अंशी त्यामुळे. ऊब घोट गिळल्यावर छातीत जाणवली तर ठीक. तोंडातच जळजळलं तर किण्वन बिघडलं, किंवा बाटली अजून कोवळी आहे.

आणि हिशेब विसरू नका. ७५० मिलिलिटरच्या १० टक्क्यांच्या बाटलीत ७५ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. आपल्याकडच्या ६५० मिलिलिटरच्या, ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बाटलीत ते ५२. ही बाटली चौघांत वाटायची आणि तासभर पुरवायची. सोबत बकरीच्या दुधाचं चीज किंवा भाजलेलं कोंबडं चांगलं जमतं. कोल्हापुरी रस्सा मात्र दुसऱ्या दिवशी, कारण अल्कोहोल आणि वायू दोघेही मिरचीचा जाळ वाढवतात.

बिघाड ओळखताना

नेलपॉलिशचा वास आला तर इथाइल ॲसिटेट जास्त झालंय. पिंपात हवा शिरल्याची ती नेहमीची खूण. ओकारीसारखा वास ब्युटिरिक आम्लाचा. एक दोष मात्र नाकाला कळत नाही. घोट गिळून काही क्षण गेले की उंदराच्या पिंजऱ्याचा किंवा शिळ्या धान्याचा स्वाद वर येतो. ही टेट्राहायड्रोपिरिडिन कुळातली द्रव्यं. बीअरच्या आम्लात ती दबलेली असतात आणि लाळेने आम्ल उतरलं की उघडी पडतात. म्हणून घोटानंतर लगेच पुढचा घोट घेऊ नका. हा दोष बऱ्याचदा काही महिन्यांनी आपोआप जातो, तेव्हा तशी बाटली टाकून देण्याची घाई नको.

पेला संपत आला की एक प्रश्न स्वतःला विचारून बघा: यातलं काय काढून टाकलं तर बीअर कोसळेल? फळ काढलं आणि खाली नुसतं आंबट पाणी राहतंय असं वाटलं, तर मूळ सेझाँच कमजोर होती. फळ काढूनही मिरी, लाकूड आणि ऊब उभी राहत असेल, तर यीस्टने मोकळी केलेली जागा ब्रूअरने नीट भरली आहे.

हाच प्रश्न बाटली ठेवायची की प्यायची हेही ठरवून देतो. फळाचा वास सगळ्यांत आधी विरतो. आम्ल टिकतं, ब्रेटॅनोमायसीस बाटलीतही वाढत राहतं आणि चामडं-गवत पुढे येतं. म्हणून लेबलावरची भरल्याची तारीख बघून घ्या. पीचसाठी घेतली असेल तर वर्षाच्या आत उघडा. पिंपासाठी घेतली असेल तर उभी ठेवा, अंधारात ठेवा आणि थांबा.