वाटेत गाडी बंद पडते तेव्हा

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आज मोटारसायकल आहे. शाळेला निघालेले गुरुजी, डेअरीला दूध घालणारा शेतकरी, बाजाराला चाललेले जोडपे, साऱ्यांचा तिच्यावर भरवसा. आणि अशी ही भरवशाची गाडी नेमकी घाईच्या दिवशी आडवाटेला बंद पडते. गाडी दुरुस्त कशी करावी हे तुमच्या गावचा मिस्त्री माझ्यापेक्षा चांगले सांगेल. मी मानसशास्त्र शिकविणारा मनुष्य. गाडीबरोबर आपले मनही बंद पडते, त्या वेळी त्याचे काय करावे, एवढेच मी सांगणार आहे.

आधी माझीच फजिती ऐका. काही वर्षांपूर्वी श्रावणात, आठ वर्षांच्या मुलीला मागे बसवून मी मलकापुराहून आंबा घाटाने साखरप्याकडे निघालो होतो. पाऊस, धुके, आणि दिवस कलायला आलेला. एका वळणावर गाडी गपकन बंद पडली. मी किका मारू लागलो. दहा मारल्या, वीस मारल्या. पेट्रोलचा वास सुटला, तरी थांबलो नाही. प्लगची टोपी उपसून पाहिली आणि कशीबशी परत दाबली. मुलीने हळूच विचारले, "बाबा, आता घरी कसं जायचं?" मी तिच्यावर वसकन ओरडलो. पोर रडायला लागली.

इतक्यात एक वयस्क दूधवाले आपली गाडी घेऊन आले. त्यांनी पहिल्याने काय केले? माझी गाडी वळणावरून बाजूला घेतली, मुलीला कठड्याच्या आतल्या बाजूला बसविले आणि मला म्हणाले, "सर, आदी जरा टेका. गाडी कुठं पळून जात न्हाई." पाच मिनिटे आम्ही नुसते बसलो. मग त्यांनी हँडलकडे पाहिले. इंजिन बंद करण्याचा लाल खटका खाली दाबला गेला होता! माझ्या ओल्या रेनकोटाच्या बाहीने तो दाबला असणार. मूळ बिघाड एवढाच. प्लगची टोपी सैल राहिली होती आणि इंजिनात पेट्रोल तुंबले होते, ती भर मात्र माझ्या घाबरेपणाने घातली होती. टोपी नीट बसवून, खटका वर करून, मूठ पुरती पिळून त्यांनी किक मारली. तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली.

घरी आल्यावर मी मुलीची समजूत काढू लागलो, तर ती म्हणाली, "मला अंधाराची नाही, तुमचीच भीती वाटली." हे वाक्य मला अजून बोचते. म्हणूनच या विषयावर बोलावेसे वाटले.

असे का होते? संकट समोर आले म्हणजे मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथींतून अॅड्रिनॅलिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते. छाती धडधडते, श्वास जोराने चालतो, हातापायांच्या मोठ्या स्नायूंना जादा रक्त मिळते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ सालच्या आपल्या ग्रंथात याचा अर्थ उलगडून दाखविला. शरीर अशा वेळी लढायला किंवा पळायला सज्ज होत असते. समोर वाघ असेल तर ही तयारी सोन्यासारखी. पण बंद पडलेल्या गाडीशी लढायचेही नसते आणि तिच्यापासून पळायचेही नसते. तिथे लागते बारीक नजर, हलका हात आणि एकामागून एक विचार. नेमकी हीच कामे घाबऱ्या माणसाला साधत नाहीत. त्याची नजर एकाच जागी खिळते आणि हात तेच तेच करीत राहतो. माझा पाय किकेवरून निघत नव्हता, तो यामुळेच.

म्हणजे घाबरणे हा भित्रेपणा नव्हे. तो देहाचा धर्म आहे. थोडी काळजी तर उपयोगीच, तिच्यामुळे माणूस जागा राहतो. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोघा संशोधकांना उंदरांवरच्या प्रयोगांत असे दिसले, की अवघड काम शिकताना मध्यम ताण उपकारक ठरतो; तो फार वाढला की शिकणे बिघडते. आपल्यालाही भीती मुळातून उपटायची नाही, बेताची करायची आहे.

ती कशी करावी?

पहिले काम जिवाच्या रक्षणाचे. गाडी वळणावरून हलवून रस्त्याच्या डाव्या कडेला घ्या, चालत असतील तर इंडिकेटर लावा, आणि रस्त्याच्या बाजूला उभे राहू नका. बरोबर मूल असेल तर त्याला आधी सुरक्षित बसवा आणि दोन शब्द गोड बोला.

दुसरे, खाली बसा आणि श्वास संथ करा. घेताना मनात चारपर्यंत मोजा, सोडताना सहापर्यंत. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून सोडणे लांबवायचे. दोन-तीन मिनिटे एवढे केले तरी हाताची थरथर कमी होते.

तिसरे, काळजीची फोड करा. 'गाडी का बंद पडली' ही एक काळजी आणि 'आता उशीर होणार' ही दुसरी. दोन्हींचा गुंता झाला म्हणजे जीव कासावीस होतो. दुसरीवर उपाय सोपा आहे. मुख्याध्यापकांना किंवा घरी फोन करून सांगून टाका. "अर्धा तास उशीर होईल" एवढे शब्द उच्चारले, की निम्मे ओझे उतरते. फोनला रेंज नसेल तर येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप धाडा.

चौथे, आता गाडीकडे वळा, पण क्रमाने. लाल खटका, किल्ली, साइड स्टँड, पेट्रोल, प्लगची टोपी, फ्यूज. सोपे आधी, अवघड मागून. एक वस्तू पाहून झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, आणि काढलेली वस्तू जागच्या जागी बसल्याची खात्री करायची. पेट्रोलचा वास आला तर थोडे थांबायचे. १ एप्रिल २०२० पासून नवे प्रदूषण-नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटर नाही. तिथे इंधन विजेच्या यंत्रणेने फवारले जाते. तिच्यात आपण हात घालू नये. पंधरा मिनिटांत उलगडा झाला नाही, तर मदत मागावी. यात कमीपणा कसला? राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि संकटात कोठूनही ११२ हा क्रमांक लावता येतो.

हा क्रम एका कागदावर लिहून सीटखालच्या पिशवीत ठेवा. कागद कशाला, पाठ आहे की, असे म्हणू नका. १९३५ साली अमेरिकेत बोइंग कंपनीचे एक प्रचंड नवे विमान चाचणीच्या वेळी उडताच कोसळले. वैमानिक कसलेला होता, यंत्रही ठीक होते. पण उडण्यापूर्वी एक कुलूप काढायचे राहून गेले होते. त्यानंतर वैमानिकांसाठी कागदी यादी आली. कसलेले वैमानिक जर यादी वाचतात, तर आपल्याला लाज कसली?

रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकाने १९७४ साली मोटारसायकलच्या प्रवासावर एक तत्त्वचिंतनपर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात काळजीचाही विचार आहे. अती काळजी करणारा माणूस जे बिघडलेलेच नाही ते दुरुस्त करायला जातो आणि खरोखरच बिघडवून ठेवतो, हे त्याने बरोबर हेरले आहे. त्याचाही उपाय हाच, की मनातली धास्ती कागदावर मांडावी.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. हीच गोष्ट तुमच्या वर्गात रोज घडते. परीक्षेत पहिलेच गणित अडले की मूल त्याच ओळीवर खोडत बसते. त्याला "घाबरू नकोस" म्हणून भागत नाही. पेन्सिल खाली ठेव, श्वास सोड, सोपे गणित आधी घे, असा क्रम हाती द्यावा लागतो. आणि आपण ओरडलो, तर मुलाला गणितापेक्षा आपलीच भीती वाटते.

एकदा गाडी बंद पडल्यावर कुणाला पुढे आठवडेच्या आठवडे बाहेर पडण्याची धास्ती वाटत असेल, झोप उडाली असेल, तर ते अंगावर काढू नये. डॉक्टरांना भेटावे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे.

पुढच्या खेपेला गाडी बंद पडेल तेव्हा किकेवर पाय ठेवण्याआधी त्या दूधवाल्यांचे बोल आठवा. आधी जरा टेका. गाडी कुठे पळून जात नाही.