पावतीपुस्तकातले विद्यापीठ

परभणीचे कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. पण त्याचे कागद शोधू लागले की ही तारीख फार उशिराची वाटते. येथे प्रायोगिक शेती सुरू झाली ती १९१८ साली, निजामी अमलात. कृषी महाविद्यालय आले १९५६ साली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात. त्यामुळे एकाच शिवाराचा कारभार तीन राज्यांच्या दप्तरांत विखुरला. त्यातले सर्वांत जुने दप्तर निजामी, म्हणजे बरेचसे उर्दूत. चाळिशीनंतर मी उर्दू गिरवायला बसलो, तो यासाठीच.

सरकारी पैशावर उभ्या राहिलेल्या विद्यापीठाचा निधी मंजुरीच्या आदेशांत सापडतो. लोकवर्गणीवर उभ्या राहिलेल्या विद्यापीठाचा निधी मात्र शोधावा लागतो पावतीपुस्तकांत. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले ते वर्गणीच्या भरवशावर. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव लागले. तरीही सत्तरी ओलांडलेले कर्वे १९२९ साली परदेशप्रवासाला निघाले आणि युरोप, अमेरिका, पुढे आफ्रिका असे वर्गणी मागत फिरले. पंधरा लाखांची नोंद इतिहासात पक्की झाली. पाच-दहा रुपये देणाऱ्याचे नाव राहते ते फक्त पावतीच्या स्थळप्रतीवर.

नेमकी तीच आधी जाते. आपल्या सरकारी कचेऱ्यांत अभिलेखांचे वर्ग असतात : ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा वर्षांचा, ‘ड’ एका वर्षाचा. ही व्यवस्था चुकीची नाही. सगळेच ठेवायला जागा कुठून आणायची? पण कागदाचा वर्ग ठरतो तो कारभाराच्या गरजेवरून. ठराव, सनदा, जमिनीचे दस्त राहतात. हिशेब तपासून झाले की पावत्यांचे काम संपते.

एका जुन्या शिक्षणसंस्थेत मी पोहोचलो तेव्हा बस्ते रद्दीवाल्याच्या काट्यावर चढले होते. वरच्याच पुस्तकात एका गावाने पैशांऐवजी ज्वारी दिल्याची नोंद होती. तेवढे एक पुस्तक मागून घेतले; बाकीचे किलोवर गेले.

संस्था कोणी चालवली, हे ठरावांतून कळते. ती कोणाची होती, हे पावत्यांतून. निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी दर दशकातले एक तरी पावतीपुस्तक ‘अ’ वर्गात ठेवावे. त्याला लागते एक फळी.