कूलर ठेवायचा कुठे?

मार्च सरता सरता यवतमाळमध्ये माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. पत्र्याची पेटी धुवायची, गेल्या वर्षीच्या कडक झालेल्या ताट्या फेकून नव्या लावायच्या, पंप बादलीत बुडवून चालतो का ते पाहायचे. हे सगळे झाले की खरा वाद सुरू होतो, तो जागेवरून. कूलर घेताना पंख्याचा आकार आणि पत्र्याची जाडी बारकाईने पाहणारी माणसे तो ठेवताना मात्र प्लगपॉइंट जिथे असेल तिथे ठेवून मोकळी होतात. निम्मा गारवा तिथेच वाया जातो.

यंत्र साधे आहे. तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा लाकडी तंतूंच्या ताट्या, चौथीकडे पंखा, तळाशी टाकी. पंप पाणी वरच्या पन्हळीत चढवतो, तिथल्या छिद्रांतून ते ताट्यांवर झिरपते आणि पंखा बाहेरची हवा त्या ओल्यातून ओढतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता हवेतून काढली जाते. मेच्या दुपारी पारा ४३ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर नीट भिजलेल्या ताट्यांतून २७ अंशांच्या आसपासची हवा घरात येऊ शकते. मुंबईच्या दमट हवेत हाच कूलर हात टेकतो, आणि जुलैत यवतमाळमध्येही.

म्हणून कूलरची पाठ उघड्यावर हवी. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर, जमल्यास सावलीत. खोलीत आणून दारे-खिडक्या लावून घेतल्या, की तीच ओली हवा पुन्हा पुन्हा ताट्यांतून फिरते. तासाभरात अंग चिकट, गादी दमट. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा म्हटले की ‘गारवा निघून जाईल ना!’ असे उत्तर ठरलेले. खरे तर हवा बाहेर पडली तरच नवी आत येते.

पंपाचे दुखणे वेगळे. तो टाकीच्या तळाशी, पूर्ण बुडालेला हवा. पाणी खाली गेले आणि तो कोरडा फिरला, की तापून जळतो. बोअरचे जड पाणी असेल तर क्षारांचा पांढरा थर पन्हळीची छिद्रे बुजवतो. मग एक ताटी चिंब, दुसरी कोरडी ठणठणीत. त्या कोरड्या ताटीतून आलेली गरम झळ बाकीचा गारवाही बिघडवते. छिद्रे सुईने मोकळी करण्याचे हे पाच मिनिटांचे काम बहुतेक घरांत पुढच्या रविवारवर जाते.

गंमत म्हणजे मोठ्या इमारतींच्या एसी प्लान्टमध्येही नेमक्या याच दोन चुका होतात, फक्त बिल मोठे येते. पाण्याने थंड होणाऱ्या चिलरचा कूलिंग टॉवर गच्चीवर असतो आणि तोही बाष्पीभवनावरच चालतो. त्याला उंच भिंतींत कोंडले, की त्याने बाहेर टाकलेली गरम ओली हवा तोच परत ओढतो. पंप टॉवरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली बसवतात, म्हणजे पाणी स्वतःच्या वजनाने त्याच्या तोंडाशी येते. तो वर ठेवला किंवा ओढीचा पाइप लांब, अरुंद आणि वळणांचा केला, तर तोंडाशी दाब घटतो, पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि ते फुटताना इंपेलरला, म्हणजे पंपाच्या फिरत्या पात्यांना, खड्डे पाडतात. आवाज असा येतो, जणू पाइपातून गिट्टी वाहते आहे.

विजेच्या बाबतीत कूलर स्वस्तच. दीड टनी एसी भर दुपारी दीड हजार वॅटच्या आसपास खेचतो; घरगुती कूलरचे दीडशे-दोनशे वॅटमध्ये भागते. पण तो पाणी पितो. मोठा कूलर कडक उन्हात ताशी दहा-पंधरा लिटर सहज संपवतो. २०१७ चा पावसाळा तुटपुंजा गेला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी देणारे निळोणा व चापडोह प्रकल्प तळाला गेले, तेव्हा टँकरच्या रांगेतून आणलेले पाणी कूलरच्या टाकीत ओतणे चैनीचेच होते.

धोका दोन गोष्टींचा. पाणी, पत्रा आणि वीज एकत्र आल्यावर अर्थिंग नसलेला कूलर जीव घेऊ शकतो. म्हणून तीन पिनांचा प्लग हवा आणि पाणी भरण्याआधी तो काढायला हवा. दुसरा डासांचा. एडिस डासाची अळी आठवडा-दहा दिवसांत डास होऊन उडते, त्यामुळे टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून वाळवावी लागते.

हल्ली नव्या फ्लॅटांना सरकत्या काचांच्या खिडक्या असतात. त्यांत कूलरचे तोंड बसत नाही आणि बाहेर स्टँड ठोकायला सोसायटी परवानगी देत नाही. नकाशा काढतानाच खिडकीखाली एक मजबूत कट्टा, नळाची तोटी आणि अर्थिंगचा पॉइंट दाखवला, तर यवतमाळमधल्या बऱ्याच घरांना एसीचा हप्ता भरावा लागणार नाही.